स्कॉटलंडच्या हिवाळी डोंगरांतले आपले अनुभव

ग्लासगोला शिकायला आलेल्या भाच्याचा परवा फोन आला. नाताळच्या सुट्टीत मित्रांबरोबर बेन नेव्हिस चढायचा त्याचा बेत आहे. "मावशी, आपले कळसूबाई १६४६ मीटर आणि हा ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर १३४५ मीटर. सकाळी निघू, संध्याकाळी परत येऊ," असे तो म्हणाला. मला चटकन उत्तर देता आले नाही, कारण पंधरा वर्षांपूर्वी अगदी हेच गणित मांडून मीही तिथे गेले होते. फोन ठेवल्यावर माळ्यावरच्या खोक्यातून तेव्हाचा नकाशा काढला. घड्यांवर तो फाटला आहे आणि शिखराच्या जागी माझ्या हातमोज्याचा ओला डाग अजून दिसतो.

त्या गणितातली पहिली चूक पायथ्याची होती. बारी गावातून आपण कळसूबाई चढू लागतो तेव्हा बरीचशी उंची गाडीनेच गाठलेली असते. बेन नेव्हिसचा पायथा मात्र जवळजवळ समुद्रसपाटीवर आहे, त्यामुळे तेराशे मीटर पायांनीच चढावे लागतात. फेब्रुवारीचे दिवस होते. अर्ध्या वाटेवरच्या तळ्याच्या वर बर्फ लागला आणि वळणावळणांची पायवाट त्याखाली गडप झाली. शिखरावर १८८३ ते १९०४ या काळात चाललेल्या वेधशाळेचे अवशेष आहेत; तिथे पोहोचलो तेव्हा ढग असा उतरला की जमीन कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होते, हे कळेना. धुक्यात मी सह्याद्रीत अनेकदा चालले आहे, पण तिथे पायाखाली दगड, गवत, निदान चिखल तरी दिसतो. इथे स्वतःचे बूटही पांढऱ्यात बुडाले होते.

सुदैवाने कार्यालयातले एक वयस्क स्कॉटिश सहकारी सोबत होते. शिखराच्या खांबापासून २३१ अंशांवर १५० मीटर आणि तिथून २८२ अंश, हे उतरण्याचे आकडे त्यांना तोंडपाठ होते. हे कोन नकाशाच्या जाळीवरचे असल्याने त्यांत त्या वर्षीचा चुंबकीय फरक, म्हणजे नकाशाची उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला फरक, लक्षात घ्यावा लागतो. पहिल्या टप्प्यात उजवीकडे गार्डीलू घळ असते. तिच्या काठावर वाऱ्याने साचलेल्या बर्फाची छज्ज्यासारखी कड दरीवर पुढे आलेली असते आणि वरून ती पक्की जमीनच वाटते. दुसऱ्या टप्प्यात डावीकडे फाइव्ह फिंगर घळ येते. ते मला पंधरा पावले पुढे पाठवत, होकायंत्र डोळ्यांशी धरून डावी-उजवी खूण करत आणि मग स्वतः माझ्यापर्यंत येत. पायवाटेचा पहिला दगड दिसला तेव्हा मी त्याला हात लावून पाहिला.

हिवाळ्यात या डोंगरांत गेलेल्यांनी आपापले अनुभव लिहावेत. भाच्याला हा धागा वाचायला देणार आहे.

रानवारा
ताई, वाऱ्याविषयी लिहितो. स्कॉटलंडमधल्याच केर्न गॉर्म या डोंगराच्या माथ्यावरच्या हवामान केंद्राने २० मार्च १९८६ रोजी ताशी १७३ मैल, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटर, वेगाचा झोत नोंदवला होता. आमच्या दिवशी त्याच्या निम्माही वारा नव्हता, तरीही पाठीवरच्या पिशवीसह मी दोनदा आडवा झालो आणि शेवटचा पट्टा आम्ही रांगत गेलो. केंद्र समोर दिसत असताना आम्ही मागे फिरलो, कारण दोन वाजून गेले होते आणि डिसेंबरात तिथे साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो. तो निर्णय घ्यायला आम्हाला वीस मिनिटे लागली. ती वीस मिनिटे वाऱ्यात उभे राहून घालवली, याची खंत मला आजही आहे. किती वाजता मागे फिरायचे, हे आता आम्ही घरातून निघतानाच कागदावर लिहून ठेवतो.

दिवेलागण
भाच्याला सांगा, आईस ॲक्स, म्हणजे बर्फावर घसरताना स्वतःला थांबवायची कुऱ्हाड, नुसती विकत घेऊन भागत नाही. मी एक पूर्ण दिवस सुरक्षित उतारावर मुद्दाम घसरण्यात घालवला. आधी पालथे, मग उताणे आणि शेवटी डोके खाली करून घसरायचे. पाते खांद्याखाली घेऊन त्यावर सगळा भार टाकायचा आणि पायांत क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे लोखंडी दाते) असतील तर पावले वर उचलून धरायची, नाहीतर दाते बर्फात अडकून माणूस उलटतो. संध्याकाळी कोपरे काळीनिळी झाली होती, पण नंतर एकदा खरोखर पाय सुटला तेव्हा विचार करण्यापूर्वीच हात हलले.

हातमोज्यांचे तीन जोड न्यावेत. खाण्याचेही सांगते: चॉकलेट थंडीत दाताने तुटत नाही आणि चिक्कीचा तर दगड होतो. दाण्याचे कूट आणि किसलेला गूळ यांचे लाडू मात्र मोजे न काढता खाता येतात.

कोकणकडा
दिवेलागण ताई, त्या लाडवांत थोडे जास्त तूप घातले तर थंडीत ते घट्ट होऊन लाडू फुटत नाहीत, असा आमच्या घरचा अनुभव आहे.

मला एक आनंदाची गोष्ट सांगायची आहे. जानेवारीत एका धारेवर उभा होतो. खाली दरीभर ढग आणि पाठीशी सूर्य होता. ढगावर माझी लांबलचक सावली पडली आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत वर्तुळ उमटले. हेच आपले इंद्रवज्र! हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने ते पाहिल्याचे आपण लहानपणापासून ऐकतो. मी त्यासाठी चार पावसाळे गडावर गेलो होतो आणि एकदाही ते दिसले नव्हते. इथे हिवाळ्यात सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर येतो, म्हणून ढग खाली आणि ऊन वर असले की ते दिवसात केव्हाही दिसू शकते. ताईंनी ज्या वेधशाळेचा उल्लेख केला, तिथेच सप्टेंबर १८९४ मध्ये शास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी अशी रंगीत वलये पाहिली. ती प्रयोगशाळेत निर्माण करण्याच्या ध्यासातून त्यांचे मेघकक्ष हे अतिसूक्ष्म कणांचे मार्ग दाखवणारे उपकरण घडले आणि १९२७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. मी तिथूनच वडिलांना फोन लावला. बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत.

उत्तरा
तुमच्या वडिलांचे वाचून डोळे भरून आले.

धारेवरची वाट
हिमस्खलनाचा उल्लेख अजून कोणी केला नाही, म्हणून लिहिते. हिवाळ्यात सहा डोंगरी भागांसाठी रोज हिमस्खलनाचा अंदाज प्रसिद्ध होतो. त्यात कोणत्या दिशेचा उतार किती उंचीवर धोकादायक आहे, हे चक्राकार आकृतीत दाखवलेले असते. ग्लेन को या डोंगरदरीत आम्ही तो वाचला होता आणि ईशान्येकडचा उतार टाळायचे ठरवलेही होते, पण पुढच्या गटाची पावले त्याच उतारावर गेलेली दिसली आणि आम्ही मागोमाग निघालो. थोड्याच अंतरावर पायाखालून 'हुम्म' असा दबका आवाज आला आणि बर्फात लांब भेग पडली. नैर्ऋत्येच्या वाऱ्याने तो बर्फ पलीकडून आणून आडोशाच्या बाजूला थापलेला होता, खालच्या थराला तो चिकटलेलाच नव्हता. आम्ही एकेक करून आपल्याच पावलांवरून मागे आलो. पुढच्या लोकांची पावले पाहिली की विचार थांबतो, हे मला त्या दिवशी कळले.

परतताना एका मैत्रिणीचा घोटा मुरगळला. ९९९ वर फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचे असते. फोन लागत नसेल तर मिनिटात सहा शिट्ट्या, एक मिनिट थांबून पुन्हा सहा. अंधारात तीन तासांनी दिवे दिसले. आलेल्यांत एक शिक्षक होते आणि एक सुतार. सगळे स्वयंसेवक, आणि कोणी एक पैसाही मागितला नाही. तिला झोळीत बांधत असताना त्यांतल्या एकाने माझे गार पडलेले हात स्वतःच्या जाकिटात धरून ठेवले होते.

मूळ लेखिका
सर्वांचे मनापासून आभार. भाच्याने सगळे प्रतिसाद वाचले. बेन नेव्हिस त्याने जूनवर ढकलला आहे आणि जानेवारीत एका प्रशिक्षकाबरोबर आईस ॲक्स व क्रॅम्पॉन शिकायला जाणार आहे. ढगात अंतर पावलांनीच मोजावे लागते, म्हणून काल तो केल्विनग्रोव्ह पार्कमध्ये १५० मीटर मोजून चालला. फक्त डावी पावले मोजली तर पंच्याण्णव भरली. बर्फात किती पडतील, असे त्याने विचारले आहे. माझी त्या दिवशी एकशे तीस पडली होती. तुमची किती पडतात, ते कृपया लिहा.