जेवताना जबड्याखाली सूज येते: सोनोग्राफी, सीटी की एमआरआय?

अबोली_६२: आईच्या उजव्या जबड्याखाली जेवताना सूज येते, लोणचं खाल्लं की हमखास. तासाभरात उतरते. ताप नाही. आमचे डॉक्टर म्हणाले, लाळग्रंथीत खडा असेल, सोनोग्राफी करा. मामा म्हणतात थेट एमआरआय काढा, एकदाच काय ते कळेल. काय करावं?

तन्मय_आर: रेडिओलॉजीत काम करतो. डॉक्टरांचं ऐका, सोनोग्राफीच आधी. खाताना फुगून नंतर ओसरणं म्हणजे बहुधा नळीत अडथळा. लाळेचे बहुतेक खडे जबड्याखालच्या ग्रंथीतच होतात; तिथली लाळ दाट, नळी लांब आणि वर चढत जाणारी. २ मिमीच्या पुढचा खडा सोनोग्राफीत सहसा सापडतो: पांढरा ठिपका आणि त्यामागे काळी सावली. जिभेखाली नळीच्या तोंडाशी अडकलेला मात्र निसटू शकतो. म्हणून तपासणाऱ्यांना आधीच सांगा की सूज खातानाच येते. लिंबू चोखायला देऊन पुन्हा बघितलं तर अडथळ्यामागची नळी फुगते आणि जागा नेमकी कळते.

एमआरआयवर खडा काळा दिसतो, बारीक असला तर सुटतोच. त्यासाठी तिथे पैसे घालवू नका. सोनोग्राफीत काही नाही आणि शंका कायम, तर सीटी, तोही कॉन्ट्रास्टशिवाय, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य न देता. कॉन्ट्रास्टने रक्तवाहिन्या उजळतात आणि बारीक खड्याशी गल्लत होते.

मंजू: साध्या एक्स-रेने भागणार नाही का? सीटीच्या रेडिएशनची धास्ती वाटते.

तन्मय_आर: काही खड्यांत कॅल्शियम कमी असतं, ते एक्स-रेवर उमटतच नाहीत. कानापुढच्या ग्रंथीत असे जास्त. त्यामुळे एक्स-रे नॉर्मल आला म्हणून खडा नाही असं धरू नका. सोनोग्राफीत रेडिएशन नाही, सीटीची वेळ बहुधा येणारही नाही.

हेमंत_के: माझी गोष्ट वेगळी होती. कानाखाली न दुखणारी गाठ, खाण्याशी संबंध नाही, हळूहळू वाढत होती. सोनोग्राफीत बघत सुई घालून एफएनएसी केली, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासल्या, मग ऑपरेशनआधी एमआरआय. सर्जनना गाठ ग्रंथीत किती खोल गेली आहे ते बघायचं होतं, कारण चेहऱ्याची नस तिथूनच जाते. मामांचा एमआरआय अशा गाठीला उपयोगी.

सुलभा_जी: मला तोंड कोरडं पडायचं, डोळेही. सोनोग्राफीत दोन्ही बाजूच्या ग्रंथींत काळे ठिपके दिसले, पण निदान रक्ततपासणी आणि ओठातल्या बायोप्सीनंतरच झालं: श्योग्रेन, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते तो आजार. ग्रंथी लाळ किती बनवतात ते बघायला टेक्नेशियम या किरणोत्सर्गी द्रव्याचा स्कॅनही असतो.

अबोली_६२: खूप आभार सगळ्यांचे. नळीत रंग सोडून एक्स-रे काढतात म्हणे, सायलोग्राफी. ती?

तन्मय_आर: आता क्वचितच. सुजेत संसर्ग असताना तर करतच नाहीत. नळीचा नकाशा हवाच असेल तर एमआर सायलोग्राफीत, म्हणजे एमआरआयवरच काढलेल्या नळीच्या चित्रात, लाळच चमकते, नळीत काही घालावं लागत नाही. आईंना ताप आला, जिभेखालून पू आला किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटली तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी ईएनटीकडे न्या.