बीपीच्या रोजच्या गोळ्या: प्रिस्क्रिप्शन कसं लिहून घ्यावं, पैसे कसे भरावेत

विषय: बीपीच्या गोळ्यांचा खर्च

नमस्कार मंडळी,

रोजच्या दोन गोळ्या आहेत: अ‍ॅम्लोडिपिन 5 मि.ग्रॅ. आणि लोसार्टन-हायड्रोक्लोरोथायाझाइड 100/12.5. विमा हाय-डिडक्टिबलचा (आधी मोठी रक्कम स्वतः भरायची, मग विमा पैसे देतो), रिफिल 30 दिवसांचंच मिळतं आणि काउंटरवरचा आकडा दर खेपेला वेगळा. कूपन, मेल-ऑर्डर, मोठी गोळी अर्धी करणं, यातलं काय आधी करावं? शिवाय आईबाबा भारतातून सहा महिन्यांसाठी येणार आहेत. आईला टेल्मिसार्टन 40 आणि सिल्निडिपिन 10 चालू आहे. त्या गोळ्या इथे मिळतात का?

— स., न्यू जर्सी

उत्तर: बीपीच्या गोळ्यांचा खर्च

स. ताई, नमस्कार.

सुरुवात डॉक्टरांच्या ऑफिसपासून करा, फार्मसीपासून नव्हे. अ‍ॅम्लोडिपिनचं जेनेरिक अमेरिकेत 2007 पासून आहे, लोसार्टनचं 2010 पासून. बनवणाऱ्या कंपन्या भरपूर आहेत, त्यामुळे गोळीची स्वतःची किंमत काही सेंटांवर आली आहे. तुम्ही जे भरता ते बहुतांशी बाटली भरण्याचं, पोस्टाचं आणि मधल्या लोकांचं. म्हणून बाटली वर्षातून 12 वेळा भरून घेण्याऐवजी 4 वेळाच भरून घ्यायची. पेशंट पोर्टलवर (डॉक्टरांच्या ऑफिसच्या ऑनलाइन खात्यावर) निरोप टाका: दोन्ही औषधं 90 दिवसांची, 3 रिफिलसह हवीत. एवढ्यात वर्ष निघतं. डोस अजून बदलत असेल तर मात्र 30 दिवसांचंच बरं. 90 गोळ्या आणून दहाव्या दिवशी डोस बदलला की उरलेल्या 80 फुकट जातात, कारण बाहेर गेलेलं औषध फार्मसी परत घेत नाही.

दुसरं काम, दोन भाव विचारणं: विम्यातून किती आणि विम्याशिवाय किती. पूर्वी काही करारांत फार्मसिस्टला स्वस्त कॅश भाव आपणहून सांगायला बंदी असायची. ऑक्टोबर 2018 मधल्या दोन कायद्यांनी ती उठली. पण बंदी उठली म्हणून काउंटरवरची व्यक्ती आपणहून सांगेलच असं नाही, विचारावंच लागतं.

भाव बघायची ठिकाणं तीन प्रकारची. वॉलमार्टची ठरीव भावाची यादी 2006 पासून आहे. त्यात लिसिनोप्रिल, अटेनोलॉल, हायड्रोक्लोरोथायाझाइड यांसारखी जुनी औषधं 30 दिवसांना 4 डॉलर आणि 90 दिवसांना 10 डॉलर अशा भावाने मिळत आली आहेत. यादी बदलत राहते आणि राज्याराज्यांत फरक असतो, तेव्हा ताजी यादी बघूनच जा. कॉस्टकोची फार्मसी वापरायला सभासदत्व लागत नाही, दारावर तसं सांगितलं की आत सोडतात. तिसरा प्रकार म्हणजे 2022 मध्ये सुरू झालेली मार्क क्यूबन यांची कॉस्ट प्लस ड्रग्ज. तिथला हिशोब उघड आहे: खरेदी किंमत, वर 15 टक्के, दर औषधामागे 5 डॉलर फार्मसीचं काम आणि दर ऑर्डरमागे 5 डॉलर पोस्ट.

हा हिशोब एकदा मांडून बघा. समजा 30 गोळ्यांची खरेदी किंमत 1 डॉलर आहे. महिन्याला मागवल्या तर 1.15 अधिक 5 अधिक 5, म्हणजे 11.15; तीन महिन्यांचे 33.45. त्याच 90 एकदम मागवल्या तर 3.45 अधिक 10, म्हणजे 13.45. आणि तेवढ्याच किमतीचं दुसरं औषधही त्याच ऑर्डरमध्ये घातलं तर दोन्ही मिळून 21.90, कारण पोस्टाचे 5 डॉलर एकदाच लागतात. एकच स्वस्त गोळी घेणाऱ्याला मेल-ऑर्डरपेक्षा कोपऱ्यावरची फार्मसी बरी पडू शकते. चार-पाच औषधं असली की चित्र उलटतं.

कूपनाबद्दल. गुडआरएक्ससारख्या साइटवरच्या सवलतीच्या कूपनावर बिल कुठे टाकायचं ते सांगणाऱ्या चार गोष्टी असतात: बिन, पीसीएन, ग्रुप आणि मेंबर आयडी. औषध भरून तयार झाल्यावर खिडकीशी कूपन दाखवलं तर आधीचं बिल रद्द करून नवीन टाकावं लागतं आणि मागे रांग वाढते. आदल्या दिवशी फोन करून सांगा की हे औषध विम्याशिवाय, या चार आकड्यांवर टाका. विमा आणि कूपन एका वेळी एकत्र चालत नाहीत. ऑटो-रिफिल चालू असेल तर पुढच्या खेपेला संगणक पुन्हा विम्यावरच जातो. तुमचा आकडा दर महिन्याला बदलतो त्यामागे हे कारण असू शकतं, जुन्या पावत्यांवर ते तपासता येईल.

कूपन शोधताना प्रकार, ताकद आणि संख्या तिन्ही तंतोतंत टाका. हायड्रोक्लोरोथायाझाइड 12.5 गोळीतही येतं आणि कॅप्सूलमध्येही. दोन्हींचे भाव वेगळे आणि कूपनही वेगळं. कूपनासाठी खातं उघडायची गरज सहसा नसते. 2023 मध्ये आरोग्याची माहिती जाहिरातदारांना दिल्याबद्दल एफटीसीने (ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने) गुडआरएक्सवर कारवाई केली आणि 15 लाख डॉलरचा दंड ठरला. हवा तो आकडा खातं न उघडता मिळत असेल तर तसाच घ्यावा.

विम्याबाहेर भरलेले पैसे आपोआप डिडक्टिबलमध्ये मोजले जात नाहीत. वर्षात मोठं ऑपरेशन ठरलेलं असेल तर डिडक्टिबल तसंही संपणार आहे, मग विम्यातूनच घ्या. एचएसए किंवा एफएसए (औषधोपचारासाठी करमुक्त पैसे ठेवायची खाती) यांचं कार्ड मात्र कॅश भावालाही चालतं, फक्त औषधाच्या नावाची पावती जपून ठेवा.

— फार्मसिस्ट, मंडळाची आरोग्य समिती

विषय: गोळी अर्धी करण्याबद्दल

नमस्कार,

10 मि.ग्रॅ.ची गोळी 5 च्याच भावात मिळते, मग ती आणून अर्धी करावी का? आणि स. ताईंची लोसार्टन-हायड्रोक्लोरोथायाझाइडची जोडगोळी 100/25 ची आणून तोडता येईल का?

— म., एडिसन

उत्तर: गोळी अर्धी करण्याबद्दल

म. दादा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण चूक तिथेच होते. 100/25 तोडली की 50/12.5 होते. हायड्रोक्लोरोथायाझाइड बरोबर आलं, पण लोसार्टन निम्मं झालं. जोडगोळीत दोन्ही औषधं एकदम अर्धी होतात.

एकेरी गोळीचं वेगळं. लिसिनोप्रिल अर्धी करता येते. क्लोरथॅलिडोनची 25 ची गोळी तर बरेच डॉक्टर अर्धी करूनच देतात. अ‍ॅम्लोडिपिनच्या बऱ्याच गोळ्यांवर मधली रेघ नसते, त्यामुळे सुरीने तोडली तर एक भाग मोठा आणि दुसरा भुगा अशी गत होते. पिल स्प्लिटर पाचेक डॉलरला मिळतो. गोळी त्याच्या व्ही आकाराच्या कोपऱ्यात नीट टेकवायची आणि झाकण एका झटक्यात दाबायचं. हळूहळू दाबलं की गोळी चुरते. बाटलीतल्या सगळ्या गोळ्या एकदम तोडून ठेवू नका. तुटलेल्या कडेला हवा आणि ओल लागते. आज अर्धी तोडा, उरलेली अर्धी उद्या घ्या, मग पुढची.

प्रिस्क्रिप्शनवर ‘10 मि.ग्रॅ.ची गोळी, रोज अर्धी’ असं डॉक्टरांनीच लिहिलेलं हवं. बाटलीवर ‘रोज एक’ आणि घरात ‘रोज अर्धी’ असा प्रकार नको. कधी इमर्जन्सीत जावं लागलं तर तिथले लोक बाटली वाचूनच डोस देतात. थरथरत्या हाताच्या किंवा नजर अधू झालेल्या माणसासाठी ही काटकसर करूच नये.

निफेडिपिन ईआर, फेलोडिपिन ईआर कधीही तोडू नका. दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं आणि बीपी धाडकन खाली येतं. मेटोप्रोलॉल सक्सिनेट ईआरला रेघ असते, ती रेघेवर तोडलेली चालते, पण चावायची किंवा कुटायची नाही.

मेटोप्रोलॉलवरून आणखी एक. त्याचे दोन प्रकार आहेत, सक्सिनेट आणि टार्ट्रेट. स्वस्त याद्यांत सहसा दिसतं ते टार्ट्रेट. सक्सिनेट दिवसातून एकदा घ्यायचं, टार्ट्रेट सहसा दोनदा. नाव तेच म्हणून आपल्या मनाने बदलून घेऊ नका. हृदय कमजोर असलेल्यांसाठी तर हा फरक फार मोठा आहे.

— फार्मसिस्ट

उत्तर: मेडिकेअर असलेल्यांसाठी

नमस्कार. ज्येष्ठांसाठी दोन गोष्टी जोडतो. मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) पार्ट डी, म्हणजे औषधांचा भाग, याच्या बऱ्याच प्लॅनमध्ये या गोळ्या पहिल्या, सर्वांत स्वस्त टियरमध्ये असतात, आणि ‘प्रेफर्ड’ (प्लॅनने निवडलेल्या) फार्मसीत कोपे, म्हणजे आपण भरायचा वाटा, अगदी थोडा किंवा शून्य असतो. तीच गोळी प्रेफर्ड नसलेल्या फार्मसीत घेतली की पैसे लागतात, म्हणजे नुसती फार्मसी बदलून काम होऊ शकतं. पार्ट डीमध्ये वर्षाला खिशातून जायच्या रकमेवर 2025 पासून 2,000 डॉलरची मर्यादा आली, 2026 साठी ती 2,100 आहे. कूपनावर घेतलेल्या औषधांचे पैसे या मर्यादेत आपोआप धरले जात नाहीत. ज्यांना दुसरं एखादं महागडं औषध चालू आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं. प्लॅन बदलायची मुदत दरवर्षी 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबर. त्या वेळी मेडिकेअरच्या साइटवर आपली औषधं ताकदीसकट टाकून तुलना करा. शेजाऱ्याला स्वस्त पडलेला प्लॅन आपल्याला पडेलच असं नाही.

— व. काका

उत्तर: आईबाबांच्या गोळ्या

स. ताई, तुमचा दुसरा प्रश्न राहिलाच होता.

टेल्मिसार्टन इथे जेनेरिक मिळतं: 20, 40 आणि 80. सिल्निडिपिन मात्र अमेरिकेत मंजूर नाही, कुठल्याच फार्मसीत मिळणार नाही. त्याऐवजी बहुधा अ‍ॅम्लोडिपिन देतात, पण किती द्यायचं ते आईंना तपासून इथल्या डॉक्टरांनीच ठरवायचं. बाबांना एस-अ‍ॅम्लोडिपिन असेल तर स्ट्रिपवरचा ‘एस’ वाचायला विसरू नका. एस-अ‍ॅम्लोडिपिन 2.5 म्हणजे साधं अ‍ॅम्लोडिपिन 5. नुसता आकडा बघून 2.5 लिहून घेतलं तर डोस निम्मा होतो.

येताना 90 दिवसांपर्यंतचा साठा स्वतःसाठी आणणं ही एफडीएची (अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याची) सर्वसाधारण मर्यादा आहे. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्ये, हँडबॅगेत, आणि सोबत डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र: औषधाचं मूळ नाव, ताकद, दिवसातून किती वेळा. ब्रँडचं नाव इथे कोणाला कळत नाही. मुक्काम लांबला तर भारतातून कुरिअरने मागवता येतं, पण पार्सलमध्ये डॉक्टरांचं पत्र, प्रिस्क्रिप्शन आणि पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती घालाव्या लागतात, तरी कस्टम्समध्ये अडकू शकतं. गोळ्या संपायच्या आठवड्यात मागवू नका, निदान महिनाभर हाताशी ठेवा. ही सवलत पाहुण्यांसाठी आहे. इथे राहणाऱ्यांनी स्वस्त म्हणून भारतातून नेहमीच्या गोळ्या मागवणं नियमात बसत नाही, आणि वरचे भाव बघता त्याची गरजही नाही.

भारतातलं प्रिस्क्रिप्शन इथली फार्मसी घेत नाही, इथल्या परवानाधारक डॉक्टरांचंच लागतं. पाहुण्यांच्या विम्यात आधीपासूनच्या आजाराच्या रोजच्या गोळ्या सहसा बसत नाहीत. एक भेट स्वतःच्या पैशाने घेऊन, पुढच्या तीन महिन्यांचं प्रिस्क्रिप्शन करून कॅश भावाने घ्या. भेटीला स्ट्रिपा सोबत न्या.

टेल्मिसार्टन ओल फार पटकन धरतं. आठवड्याच्या डबीत सोलून भरू नका. स्ट्रिप कात्रीने कापून, गोळी आत बंद असतानाच तो तुकडा डबीत ठेवा.

सिल्निडिपिनवरून अ‍ॅम्लोडिपिनवर गेल्यावर घोट्यांना सूज दिसू शकते, संध्याकाळी मोज्याचा वळ खोल उमटतो. सूज आली म्हणून लगेच लघवीची गोळी वाढवून घेऊ नका. या सुजेवर ती फारशी चालत नाही आणि औषध मात्र एक वाढतं. डॉक्टरांना ही सूज औषध बदलल्यानंतरची आहे असं सांगा.

— डॉ., आरोग्य समिती

उत्तर: स्वस्त म्हणजे हलकं का?

काही जणांनी वेगळं लिहून विचारलं, म्हणून इथे. जेनेरिकमध्ये ‘20 टक्के कमी-जास्त औषध असतं’ हा गैरसमज आहे. 80 ते 125 टक्के ही मर्यादा रक्तात पोचणाऱ्या औषधाच्या सरासरी तुलनेच्या विश्वासपट्ट्यासाठी (खरी सरासरी ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असण्याचा अंदाज असतो, त्या पट्ट्यासाठी) आहे, गोळीतल्या मात्रेसाठी नाही. अख्खा पट्टा त्या मर्यादेत बसायचा तर सरासरी मूळ औषधाच्या बरीच जवळ असावी लागते.

त्रास होतो तो वेगळ्याच कारणाने. कंपनी बदलली की गोळीचा रंग आणि आकार बदलतो. जुन्या बाटलीतल्या पांढऱ्या आणि नव्यातल्या पिवळ्या या दोन वेगळ्या गोळ्या समजून दोन्ही घेणारे असतात. बाटलीच्या लेबलवर बहुधा गोळीचं वर्णन आणि तिच्यावर कोरलेली अक्षरं छापलेली असतात, ती जुळवून बघा आणि जुनी बाटली संपेपर्यंत नवी उघडू नका. 2018-19 मध्ये वल्सार्टन आणि लोसार्टनच्या काही लॉटमध्ये (एका वेळी बनलेल्या साठ्यांत) एनडीएमएसारखी, कर्करोगाचा धोका असलेली अशुद्धी सापडून ते परत मागवले गेले. अशी बातमी आली तर लॉट नंबर फार्मसीला विचारा. गोळी आपणहून बंद करू नका, ते औषध दुसऱ्या कंपनीचं बदलून मिळतं.

औषधं वेगवेगळ्या फार्मसीत विखुरली की एकमेकांशी होणारा त्रास तपासणारं कोणी राहत नाही. प्रत्येक ठिकाणी पूर्ण यादी द्या, त्यात आयबुप्रोफेन आणि ‘लो-सोडियम’ मीठसुद्धा लिहा. त्या मिठात पोटॅशियम असतं. लोसार्टन, टेल्मिसार्टन किंवा लिसिनोप्रिलबरोबर ते रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीला नेऊ शकतं. याच कारणाने या गोळ्यांवर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियमची तपासणी चुकवून पैसे वाचवू नयेत.

— फार्मसिस्ट

उत्तर: स्वस्त म्हणजे हलकं का?

आभार. पोर्टलवर निरोप टाकला. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांसाठीही असं काही आहे का?

— स.

उत्तर: जनऔषधी

आहे. जनऔषधी केंद्रांत (सरकारी योजनेतल्या स्वस्त जेनेरिक औषधांच्या दुकानांत) अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन यांसारखी औषधं मूळ नावाने, ब्रँडपेक्षा बऱ्याच कमी भावात मिळतात. जवळचं केंद्र ‘जनऔषधी सुगम’ अ‍ॅपवर सापडतं. अडचण येते ती चिठ्ठीची: डॉक्टर ब्रँडचं नाव लिहितात आणि केंद्रात तो ब्रँड नसतो. डॉक्टरांकडून मूळ नाव आणि ताकद लिहून घ्यायची. एखाद्या केंद्रात माल संपलेला असतो, म्हणून दहा-पंधरा दिवसांच्या गोळ्या हातात असतानाच जायचं. आणि औषध बदललं असेल, इथे असो वा तिथे, तर दंडावर बांधायच्या मशीनने सात दिवस, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा बीपी मोजून वहीत मांडायचं. मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर ठेवायचे. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची आणि ती वही डॉक्टरांना दाखवायची.

— डॉ.