भाच्यासाठी फ्लॅट बघितलाय, काय काय विचारू?

ए-२०३ : नमस्कार मंडळी. माझा भाचा बार्शीहून नोकरीसाठी सोलापुरात येतोय. विजापूर रोडला फ्लॅट बघितलाय. भाडं ८,०००, डिपॉझिट २५,०००. मालक म्हणतात, ११ महिन्यांचंच आहे, स्टॅम्पवर नोटरी करून टाकू. रविवारी टोकन द्यायचंय. काय बघायला सांगू त्याला?

सचिव : ताई, नोटरीवर भागवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ बघा. करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, ११ महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नाही केली तर त्यांना ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

डी-४०२ : मालक खर्चाचं कारण सांगतात हो सर.

सचिव : खर्च कितीसा? ११ महिन्यांचं भाडं ८८,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते त्यात मिळवतात. त्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक, म्हणजे फार तर तीनशे. शहरात नोंदणी फी १,०००. एजंट घरी येऊन आधारवर अंगठे घेतो, त्याचे पैसे वेगळे. कोण किती देणार ते आधीच बोलून घ्या.

बी-३०४ : मी भाडेकरूच आहे, म्हणून सांगते. आपल्या गावात पाण्याचं आधी विचारा, बाकी सगळं नंतर. महापालिकेचं पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. तेव्हा हौद केवढा आहे, वरची टाकी सामाईक की स्वतंत्र, मोटर कोण चालू करतं, बोअर मे महिन्यात चालतो का आणि टँकर मागवला तर पैसे कोणाचे, हे सगळं विचारायला सांगा. मालक "पाणी भरपूर आहे" म्हणाले तरी खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचारा. आधीच्या घरात आम्हाला टँकरचा वाटा वेगळा भरावा लागला. करारात त्याबद्दल एक ओळ नव्हती, त्यामुळे भांडताही येईना.

सी-३०२ काकू : वरचा मजला असेल तर पोराला दुपारी दोनला बघायला पाठव गं. सकाळी सगळीच घरं गार वाटतात.

ए-२०३ : हो काकू, वरचाच आहे!! लाईट बिलाचं कसं करायचं?

डी-४०२ : मागच्या बिलाची प्रत घ्या. त्यावर १२ आकडी ग्राहक क्रमांक असतो, तो टाकून महावितरणच्या साईटवर थकबाकी दिसते. चावी घेताना मीटरसमोर उभं राहून रीडिंगचा फोटो काढायचा आणि तिथूनच मालकांना व्हॉट्सअ‍ॅप करायचा. सबमीटर असेल तर युनिटचा दर लिहून घ्या.

बी-३०४ : फोटो मीटरचाच नको, घराचेही काढा. बेसिनखाली ओल, बाथरूमची फुटलेली फरशी, गॅलरीच्या दाराची न बसणारी कडी... सामान आत जायच्या आधी. डिपॉझिट कापतात ते यावरूनच.

सचिव : अगदी बरोबर. रंगाच्या नावाखाली महिन्याचं भाडं कापायची पद्धत आहे. कापणार असतील तर किती, नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट चावी देताना की नंतर, हे करारातच येऊ द्या. भाडं यूपीआयने द्या. रोख दिलं तर पावती मागा, तो भाडेकरूचा हक्क आहे. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाईन भरता येते, मालकांनी भरली का ते बघा. तिथे सोसायटी असेल तर ना-वापर शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते) मालकाचं, तेही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. भाच्याकडून कोणी मागितलं तर विचारा कशासाठी.

ए-२०३ : खूप मदत झाली सर. मग रविवारी टोकन द्यावं का नको?

सचिव : कराराचा मसुदा वाचल्याशिवाय नको. मालकांकडून मागवा आणि मला पाठवा, मी शनिवारी बघतो.

ए-२०३ : आत्ताच फोन करते त्यांना 🙏