बुर्साचा जुना बाजार: आईसोबत काय पाहावं, कुठलं रेशीम घ्यावं?

रानजाई

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या शेवटी मी आणि आई इस्तंबूलला जातोय. आई 68 वर्षांची, गुडघे कुरकुरतात पण हौस दांडगी. तुर्कस्तानातल्याच बुर्सा शहराला जायचंच असं तिनं ठरवलंय, आणि कारण एकच: रेशीम. जन्मभर पैठण्या हाताळलेली बाई आहे, त्यामुळे बुर्साचं रेशीम एकदा बोटांखालून जाऊ दे म्हणते. एका टूरवाल्यानं सकाळी नेऊन रात्री परत आणतो म्हणून सांगितलंय. तेवढ्यात होईल का? खरेदी नक्की कुठे करायची? शिवाय आई शुद्ध शाकाहारी आहे, तिच्या जेवणाचं काय?

सह्यवारा

रानजाई, कळकळीनं सांगतो, एक रात्र तरी तिथे राहा. सकाळी जाऊन रात्री परत यायचं तर सहलीची बस तुम्हाला हिरवी मशीद, केबल कार आणि मिठाईचं एखादं दुकान दाखवून आणेल. जुन्या बाजाराच्या वाट्याला जेमतेम तासभर येईल, आणि तुमची आई जातेय ती नेमकी त्या बाजारासाठी.

1326 मध्ये सुलतान ओरहाननं बुर्सा घेतलं आणि ते उस्मानी (ऑटोमन) राज्याची राजधानी झालं. त्यानंतर तिथे 'हान' उभे राहिले. हान म्हणजे व्यापाऱ्यांची दुमजली सराई: मधे चौक, भोवती ओवऱ्या, खाली माल आणि वर मुक्काम. या हानांची भाडी मशिदींच्या आणि धर्मादाय कामांच्या खर्चाला जायची. म्हणून तिथे देवस्थळ आणि बाजार वेगळे काढताच येत नाहीत, एकातून बाहेर पडलं की दुसऱ्यात पाऊल. 2014 पासून हा सगळा भाग जागतिक वारशाच्या यादीत आहे.

सुरुवात उलू जामीपासून करा. सुलतान बायझीद पहिला यानं 1399 च्या सुमारास बांधलेली ही मशीद, वर वीस घुमट. लढाई जिंकलो तर वीस मशिदी बांधीन असा त्याचा नवस होता आणि शेवटी वीस घुमटांची एकच बांधली, अशी गोष्ट तिथे सांगतात. आत शिरल्यावर पाण्याचा आवाज येतो. वुजूचा, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचा, हौद चक्क मशिदीच्या आत आहे आणि त्याच्यावरच्या घुमटाला काच आहे. खांबाखांबावर पुरुषभर उंचीची अक्षरं रेखलेली आहेत. अक्रोडाच्या लाकडाचा मिंबर, म्हणजे प्रवचनाचं उंच व्यासपीठ, खिळे न वापरता सांधलाय, त्याच्याजवळ निवांत उभे राहा. डोक्याला ओढणी असू द्या आणि शुक्रवारची दुपार टाळा.

तिथून चार पावलांवर कोझा हान. 'कोझा' म्हणजे रेशमाचा कोश. 1491 मध्ये बायझीद दुसरा यानं हा हान बांधला. पूर्वी उन्हाळ्याच्या तोंडाला शेतकरी कोशांची पोती इथे विकायला आणत. चौकात मधोमध खांबांवर उभी इवलीशी मशीद, तिच्याखाली कारंजं आणि भोवती झाडांच्या सावलीत चहाची टेबलं. आईंना तिथे बसवा. तासभर बसल्या तरी कोणी उठवणार नाही.

पाटीपेन्सिल

सह्यवाऱ्यांशी शंभर टक्के सहमत. रेशमाबद्दल थोडं माझं.

आधी एक गोष्ट आईंना सांगून ठेवा, नाहीतर हिरमोड होईल. आता बुर्साच्या आसपास कोश फारसे पिकत नाहीत, बराचसा कच्चा माल बाहेरून येतो. शहराकडे उरलीय ती विणायची, रंगवायची आणि विकायची परंपरा. मला ती पुरेशी वाटते, पण 'इथल्याच अळीचं रेशीम' म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका.

चिठ्ठीवर '%100 इपेक' असं हवं. तिथे टक्क्याची खूण आकड्याच्या आधी येते. इपेक म्हणजे रेशीम. 'इपेक्सी' लिहिलं असेल तर ते नुसतं रेशमासारखं दिसणारं कापड. पर्यटकांच्या गर्दीतल्या एका दुकानात मी पॉलिएस्टरचे तीन रुमाल रेशीम समजून आणले. घरी सासूबाईंनी कडेचा धागा काढून जाळला, तर प्लास्टिकसारखी गोळी झाली. खऱ्या रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. हे आईंना मी काय सांगणार!

कोझा हानच्या वरच्या मजल्यावर ओळीनं स्कार्फची दुकानं आहेत. घासाघीस फार चालत नाही, पण दोन-तीन नग घेताना "इंदिरिम वार म?" म्हणजे "काही कमी होईल का?" असं हसून विचारलं की आकडा खाली येतो. रविवार टाळा, बरीच दुकानं बंद असतात. आणि तारखा पाहून घ्या: 28 ऑक्टोबरच्या दुपारपासून 29 पर्यंत त्यांची प्रजासत्ताक दिनाची सुट्टी असते.

मीठभाकर

जेवणाचं मी सांगते, मीही शाकाहारीच आहे. इस्केंदर कबाब बुर्साचाच, त्यामुळे जिथे जाल तिथे तोच पुढे येतो. तुम्ही स्वतः सामिष खात असाल आणि गोमांस नको असेल तर हे शब्द पाठ करा: 'कुझु' कोकरू, 'तावुक' कोंबडी, 'दाना' गायीचं वासरू. इस्केंदरमध्ये बऱ्याचदा मिश्रण असतं.

आईंसाठी मर्जिमेक चोर्बा, म्हणजे मसुराचं सूप. पण घेण्याआधी "एत सुयु वार म?" म्हणजे "मांसाचं पाणी आहे का?" असं विचारा, काही ठिकाणी ते मांसाच्या पाण्यात शिजवतात. चीज किंवा बटाटा भरलेलं गोझलेमे तर आपल्या पराठ्याच्या नात्यातलंच. सकाळी बेकरीतून ताहिनली पिदे घ्या: तिळाची चटणी आणि साखर घालून भाजलेली गरम पोळी. माझ्या आईला संक्रांत आठवली. केस्ताने शेकेरी, म्हणजे पाकातले चेस्टनट, घरी न्यायला उत्तम. ऑक्टोबरात रस्त्यावर भाजलेलेही मिळतील.

रानजाई

किती आपुलकीनं लिहिलंत सगळ्यांनी! रात्रीचा मुक्काम पक्का केला. आता दोन शंका: हिरव्या मशिदीला चढ आहे का? आणि आईला तांब्याची भांडी दिसली तर ती थांबणार नाही, तिथे मिळतात का?

सह्यवारा

चढ आहे, टॅक्सीनं जा. मशिदीसमोरचा येशिल तुर्बे चुकवू नका. 1421 मधली मेहमद पहिला याची कबर आहे ती. नाव 'हिरवी', पण बाहेरून फिरोजी निळी दिसते आणि आतल्या टाइल्सवरून नजर हलत नाही. तोफानेची टेकडीही टॅक्सीनंच करा. उस्मानी राज्याचा संस्थापक उस्मान आणि त्याचा मुलगा ओरहान यांच्या कबरी तिथे आहेत. 1855 च्या भूकंपात मूळ वास्तू पडल्या, आताच्या नंतर बांधलेल्या.

इस्तंबूलहून मुदान्यापर्यंत बोट आणि पुढे बस-मेट्रो हा प्रवास आईंना सुखाचा होईल. मेट्रोनं शेहरेकुस्तूला उतरलात की बाजार जवळच. मात्र 'लोदोस' हा दक्षिणेचा वारा सुटला की बोटी रद्द होतात, म्हणून आदल्या रात्री तपासा. नाहीतर बस आहेच.

पाटीपेन्सिल

तांब्यासाठी बाकिर्जिलार चार्शिसी, त्यांची तांबट आळी. रोज वापरायचं भांडं घेणार असाल तर आतून कल्हई आहे का ते बघा. त्यांच्याकडेही शब्द जवळपास तोच आहे, 'कालाय', आणि कल्हईवाला म्हणजे 'कालायजी'. आईंनी भांडं हातात घेऊन "कल्हई?" असं विचारलं तरी दुकानदाराला समजेल.