उताराची जमीन सपाट न करता वसाहत आखता येते का?

प्रश्न (फोंडा)
आम्ही अकरा कुटुंबांनी मिळून फोंडा तालुक्यात उताराची जमीन घेतली आहे. वर काजूची झाडे, मध्ये जांभ्याचा उघडा कातळ आणि खाली पावसाळ्यात वाहणारा व्हाळ अशी तिची ठेवण आहे. आराखडा करणाऱ्याने मधोमध सरळ रस्ता काढून सारा उतार टप्प्याटप्प्याने कापण्याचे सुचवले आहे. सिडनीच्या कॅसलक्रॅग वसाहतीत असे केले नव्हते, असे वाचनात आले. त्यातले आपल्याकडे काय घेता येईल?

उत्तर (पणजी)
कॅनबेराचा आराखडा करणारे वॉल्टर बर्ली ग्रिफिन आणि मॅरियन महोनी ग्रिफिन या दांपत्याने 1920 च्या दशकात कॅसलक्रॅग आखले. (वॉल्टर पुढे 1935 मध्ये लखनौला आले आणि 1937 मध्ये तिथेच वारले.) तिथले रस्ते उताराच्या समान उंचीला धरून, कड्यांना वळसा घालून जातात आणि घरांच्या मागे राखीव मोकळी जमीन व पायवाटा आहेत. खरे महत्त्व मात्र खरेदीखतातल्या अटींना आहे, कारण झाडांवरचे प्रेम घर विकले की संपते, अट पुढच्या मालकालाही बांधते. म्हणून वकिलाकडे आधी जा, रस्ता मागाहून आखा.

उत्तर (डिचोली)
अटींचे म्हणणे पटते, पण सगळेच उचलू नका. ग्रिफिन यांना लाल कौले नको होती आणि त्यांची घरे सपाट छपरांची होती. आपल्या पावसात मंगलोरी कौलांचे उतरते छप्परच बरे. कुंपणे नकोत हा त्यांचा आग्रह मात्र जरूर घ्या. आमच्या शेजारच्या वसाहतीत प्रत्येकाने चिऱ्यांची गडगी घालून पाण्याची वाट अडवली, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात पाण्याचा लोंढा एका घराची न्हाणी, तुळशीवृंदावन आणि मागची भिंत घेऊन गेला. तेव्हापासून तिथे दोन घरे बोलत नाहीत.

उत्तर (मडगाव)
डोंगर कापण्यास किंवा सखल जागा भरण्यास गोव्याच्या 1974 च्या नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या कलम 17अ खाली आधी लेखी परवानगी लागते. ती कोणी घेतली, हे आराखडा करणाऱ्याला पहिल्यांदा विचारा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. परवानगीचे विचारले, तर ते म्हणाले, ‘ती नंतर बघू.’ या रविवारी आम्ही सर्वजण छत्र्या घेऊन जाणार आहोत. पाणी कुठून उतरते, तिथे चुन्याच्या खुणा करून मगच रस्त्याचे बोलू. पावसात चुना टिकणार नाही, हे लिहिताना लक्षात आले, खुंट्या नेऊ.