पेनिसिलियममधून मिळालेलं कंपाउंड नवीन आहे का, कसं ठरवायचं?

हिरवीबुरशी: पोटॅटो डेक्स्ट्रोज ब्रॉथमध्ये (बटाटा-साखरेचं पातळ खाद्य) १४ दिवस पेनिसिलियम ही बुरशी वाढवली, इथाइल ॲसिटेटने एक्स्ट्रॅक्ट काढला, सिलिका कॉलमवर त्याचे भाग (फ्रॅक्शन) वेगळे केले, तर एका फ्रॅक्शनमधून ४ मिलिग्रॅम तेलकट कंपाउंड मिळालंय, टीएलसीवर (पातळ थरावर घटक वेगळे करायची चाचणी) एकच स्पॉट. मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूंचं वजन दाखवणारं मोजमाप) ३९१ आणि ४१३ दिसतंय, पेनिसिलियमच्या माहितीतल्या कशाशीच जुळत नाही. अजून एक पिवळं फ्रॅक्शन आहे, त्यात २५१. ३९१ वालं नवीन असेल का? तीन महिने याच्याच मागे आहे.

कॉलमवाला: ३९१ बघून मला आधी प्लास्टिकच आठवलं गं. ४१३ आणि ३९१ मध्ये २२ चा फरक, म्हणजे रेणू एकच, एकदा प्रोटॉन घेऊन आलाय, एकदा सोडियम. डायइथाइलहेक्झाइल थॅलेट, प्लास्टिक मऊ करायला घालतात ते, बरोबर ३९० चं आणि तेलकटच असतं, ट्यूबमधून टिपमधून कुठूनही उतरतं. मासमध्ये थॅलेटची खूण म्हणून १४९ चा तुकडा आहे का बघ, आणि प्रोटॉन एनएमआरमध्ये (रेणूतले हायड्रोजन दाखवणारी चाचणी) ७.७ नि ७.५ ला दोन-दोन प्रोटॉन. आणि बुरशी न घालता नुसता ब्रॉथ अगदी तसाच काढून चालव, हा ब्लँक खरं तर पहिल्याच दिवशी करायचा असतो.

रेणूवेडी: पिवळं ते सिट्रिनिन असू शकतं, किडनीला घातक, सुकलेली पावडर उघडी हाताळू नकोस. नवीन म्हणायचं तर हाय रिझोल्यूशन मासवरून फॉर्म्युला काढ, तो बुरशींच्या डेटाबेसमध्ये शोध, यूव्ही ताडून बघ, तरीही काही सापडलं नाही तरच टूडी एनएमआरवर (रेणूची रचना उलगडणारी सविस्तर चाचणी) वेळ घाल. त्यातल्या एचएमबीसी प्रकारावरून अणूंची जोडणी कळते पण त्रिमितीतली मांडणी पक्की करायला क्रिस्टलचा एक्स-रे किंवा ईसीडी (वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश शोषण्याचं मोजमाप) लागतं. पेनिसिलिनमध्ये बीटा-लॅक्टॅमची कडी आहे की नाही यावरसुद्धा मोठा वाद होता, १९४५ मध्ये स्फटिकशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांच्या एक्स-रेने तो मिटला. आणि बुरशीची जात नुसत्या आयटीएसवर (बुरशी ओळखायचा नेहमीचा डीएनए भाग) ठरवू नकोस, पेनिसिलियममध्ये बीटा-ट्यूब्युलिनचा जीनपण लागतो.

हिरवीबुरशी: १४९ आहे. ब्लँकमध्येपण तोच स्पॉट आला. खूप वाईट वाटलं, पण पेपर लिहायला घेण्याआधी कळलं ते बरं. आता सगळं काचेत करतेय, मीडिया म्हणजे बुरशीचं खाद्यपण बदलते.

कॉलमवाला: मीडिया नक्की बदल, एकाच मीडियावर बुरशीचे कंपाउंड बनवणारे बरेचसे जीन क्लस्टर (जनुकांचे गट) गप्प बसतात. पण दर मीडियाचा वेगळा ब्लँक ठेव, आणि कॉलम लावायच्या आधी कच्चा एक्स्ट्रॅक्टच एलसी-एमएसवर (घटक वेगळे करून लगेच त्यांचं मास मोजणारं यंत्र) टाक म्हणजे ओळखीची पीक्स तिथेच बाजूला पडतील.