मदत हवी आहे: हाय-स्पीड कॅमेऱ्यासाठी उजेड कसा करू?

नमस्कार मंडळी, मी बडोद्यात एम.ई. करतेय. तापलेल्या पत्र्यावर पाण्याचा थेंब कसा फुटतो, ते सेकंदाला 10,000 फ्रेम्सने टिपायचंय. 20 सेंटिमीटरवरून सोडलेला थेंब सेकंदाला जवळपास 2 मीटर वेगाने आदळतो. एक्स्पोजर (एका फ्रेमसाठी कॅमेरा उजेड घेतो तेवढा वेळ) 100 मायक्रोसेकंद ठेवलं, तर तेवढ्यात तो 0.2 मिलिमीटर सरकतो आणि कडा पुसट येते. 10 वर आणलं की चित्र काळंकुट्ट! घरातला दिवा 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो, हॅलोजनने थेंबच तापतो. मागून डीसी (एकसारख्या विजेवर चालणारा, न लुकलुकणारा) एलईडी आणि पुढे दुधी अ‍ॅक्रिलिक लावावं म्हणतेय. किती वॅटचा पुरेल? दांडिया बाजाराच्या आसपास कुणाकडे दोन दिवस उसना मिळेल का? कॅमेरा शनिवारपर्यंतच हाताशी आहे.